खंड

प्रॉसर नावाचा दलाल न्यूपोर्टात, कमर्शियल स्ट्रीटवर,
केशकर्तनालयाच्या वरच्या मजल्यावर बसतो.
जिन्यात शाम्पूचा वास.
माझा फॉर्म तो आधी शेवटून वाचतो, मग पहिल्यापासून,
आणि म्हणतो, पगार चांगलाय.
अडचण तारखांची आहे.

तारखा मी इमानदारीत भरल्या होत्या.
कार्डिफचं कॉल सेंटर, नऊ महिने.
मॅगरचं गोदाम, चार.
मग दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला,
बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईच्या खुर्चीत, सात.
ती परत आली, केक घेऊन आली.
मी एक तुकडा खाल्ला आणि खुर्ची पुसून दिली.
आता रक्त तपासायच्या लॅबमध्ये. कायम.
पण कायम होऊन पगार झालेत दोन,
बँकेला हव्यात तीन पावत्या.

दर वेळी चार पैसे जास्त म्हणून उडी मारली.
दर उडीला आई फोनवर म्हणाली, प्रगती आहे.
त्याच उड्या बँक मोजते
तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडते.

आणि हे काय? प्रॉसरनं पेन्सिल टेकवली.
चौदा फेब्रुवारी ते दोन मे.
तो गॅप म्हणाला. मला ऐकू आलं, खंड.
आमच्याकडे दुसऱ्याची जमीन कसायला घेतली
की मालकाला वर्षाला जो देतात, तोही खंडच.
म्हणजे अकरा आठवड्यांच्या खंडाचा खंड
मी अजून भरतेच आहे.

त्या अकरा आठवड्यांत
रोज पावणेआठला डबा घेऊन मी बाहेर पडायचे,
घरमालकीण मिसेस पॅरी पडद्याआडून बघते म्हणून.
अस्क नदीच्या काठावर बाक आहे.
ओहोटीला नदी इतकी उतरते
की चिखलात रुतलेली सुपरमार्केटची ट्रॉली दिसते,
चाकं वर.
दुपारी बघावं तर पाणी काठाला,
ट्रॉलीचं नाव नाही.
डबा साडेदहालाच संपायचा.
मग वाचनालय, कारण तिथे हीटर.
भावाचा फोन आला की, कामात आहे रे, नंतर बोलते.
एकदा त्यानं विचारलं, मागे पक्षी कसले ओरडतायत?
म्हटलं, ऑफिसची खिडकी उघडी आहे.

कुणालाच सांगितलं नाही.
आणि विचारलं कुणी, तर बँकेनं.

रात्री बसून चार पानं लिहिली.
प्रॉसरनं दोन ओळी ठेवल्या:
दोन करारांच्या मध्ये होते.
या काळात कर्ज घेतलेलं नाही.
खोटं त्यात काहीच नव्हतं.
ट्रॉलीही नव्हती.

घर मेंडीच्या चढावर. विकणारा इड्रिस बेवन,
ज्याची सगळी नोकरी एका ओळीत मावते:
लॅनवर्न, पोलाद, एकोणचाळीस वर्षं.
त्याच्या वेळी म्हणे मॅनेजरनं हात मिळवला,
कुठे काम करतोस विचारलं, झालं.
मग एका शुक्रवारी भट्टी विझवली.
तुझे अकरा आठवडे? म्हणाला,
माझा अजून चालू आहे.

दुसरा एक जण दोन हजार जास्त द्यायला तयार होता, रोख.
बेवननं एजंटला सांगितलं, अठ्ठावीसपर्यंत थांबू.
का, ते सांगितलं नाही.
मागच्या दाराची कुजलेली चौकट मात्र
मी दुरुस्त करून देणार नाही, हे दोनदा सांगितलं.

अठ्ठावीसला पहाटे तिसरी पावती आली.
कर, पेन्शन, खाली आकडा.
अंथरुणातच प्रॉसरला पाठवली.
आणि लगेच खाली दुसरा मेल:
ब्रिस्टलची लॅब, जागा रिकामी,
वर्षाला साडेतीन हजार जास्त,
आपल्याला बोलायला आवडेल का?

आई म्हणाली असती…

फोन उपडा ठेवला.
डबा भरायला घेतला.
आज भात जरा जास्तच घातला.